लेकाला ट्रॅप शूटिंग शिकायचंय : खर्च किती, सुरुवात कुठून?

शमी | १९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या पश्चिमेच्या एका उपनगरात राहतो. चिरंजीव आठवीत, वय १४. क्रिकेट, बुद्धिबळ, एक वर्ष ट्रंपेट असं सगळं करून झालं, टिकलं काहीच नाही. मागच्या आठवड्यात शाळेतून एक कागद घेऊन आला, 'ट्रॅप टीम'. मला वाटलं नाटकाचं काहीतरी असेल. तर नाही! शॉटगन घेऊन हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडायच्या. वर्गातले तीन मित्र जातात म्हणे, त्यातला एक गुजराती आहे, म्हणजे 'आपल्यातलं कुणीच करत नाही' हे कारणही गेलं.

आमच्या घरी बंदूक या वस्तूशी कुणाचा संबंध असेल तर तो फक्त सासऱ्यांचा. तळकोकणात बागायत आहे, वानर आणि रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर आहे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, एवढीच तिची मला माहीत असलेली हालचाल.

नवरा उत्साही. शनिवारीच दुकानात जाऊन बंदूक आणायला निघाला होता. मी म्हटलं थांब, आधी धागा काढते. प्रश्न असे :

पूर्ण सीझनचा खर्च ५०० डॉलरच्या आत बसेल का? बंदूक घ्यायलाच लागते का? मुलगा शिडशिडीत आहे, खांदा निखळणार नाही ना? आणि खरं सांगायचं तर, घरात ती वस्तू असलेली मला झोप लागू देईल का?

(ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं. सासरे, म्हणजे अप्पा, एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी येताहेत.)

हिमालयातला_बोका | १९ फेब्रुवारी

शमी, नवऱ्याला दुकानात सोडू नका. बाकी सगळं नंतर.

माझी मुलगी तिसरं वर्ष खेळते आहे, त्यामुळे जरा लांबड लावतो. तुमच्याकडे आलेला कागद बहुतेक हायस्कूल क्ले टार्गेट लीगचा आहे. ही लीग मिनेसोटातलीच. २००१ साली जिम सेबल नावाच्या एका निवृत्त गृहस्थांच्या लक्षात आलं की त्यांच्या गन क्लबात सगळी डोकी पांढरी आहेत आणि पोरं कुणीच नाहीत, तिथून सुरुवात. आता देशभर पसरली आहे. सहावी ते बारावीची मुलंमुली एकत्रच खेळतात. आणि बाकावर बसवून ठेवणं हा प्रकार नाही, जो आला तो खेळतो. आमच्या मुलीला बास्केटबॉलमध्ये दोन वर्षं बाक उबवून कंटाळा आला होता, तिला हेच सगळ्यात आवडलं.

खेळ असा. जमिनीलगत एक बुटकी खोली असते, तिच्यातून यंत्र तबकडी फेकतं. खोलीच्या मागे १६ यार्डांवर पाच जागा, पाच जणांची तुकडी. प्रत्येक जागेवर पाच तबकड्या, मग उजवीकडच्या जागेवर सरकायचं. म्हणजे एका फेरीत २५. 'पुल' म्हणून ओरडलं की तबकडी निघते, ताशी साधारण ४२ मैलांनी, कुठल्या कोनात ते आधी कळत नाही. हे 'पुल' आलं खऱ्या कबुतरांच्या काळातून, तेव्हा खुराड्याची दोरी ओढायचे. आता कबुतरंही नाहीत आणि माती तर मुळीच नाही, तबकडी चुनखडीची पूड आणि डांबरासारखी राळ यांची असते. तळहातात मावेल एवढी.

शाळेशाळेतल्या स्पर्धा घरच्याच रेंजवर होतात, आकडे लीगला कळवायचे. प्रवास शून्य. आठवड्याला दोन फेऱ्या, ५० तबकड्या. स्पर्धेचे पाच आठवडे, आधीचा सराव आणि राखीव आठवडा धरून साधारण ४०० काडतुसं लागतात. आमचा मागच्या वर्षीचा हिशोब :

काडतुसं, २५ ची १६ खोकी, टीमने घाऊक घेतली म्हणून दहा डॉलरच्या आसपास पडली. तबकड्यांचं भाडं फेरीला सहा डॉलर. नोंदणी आणि टी-शर्ट वेगळं. कानाचे मफ, डोळ्याचा चष्मा मिळून चाळीस. सगळं धरून ४०० च्या थोडं आत. बंदूक : शून्य.

हो, शून्य. बहुतेक टीमांकडे दोनचार बंदुका मुलांसाठी असतात, नाहीतर कोचकडे असतात. पहिला सीझन उसनी वापरा. १४ वर्षांचा मुलगा वर्षात चार इंच वाढतो. बंदुकीचा दस्ता म्हणजे शर्टाची बाही, आज बरोबर बसलेला पुढच्या मार्चमध्ये आखूड. आपण वाढत्या अंगाचा शर्ट घेतो तशी वाढत्या अंगाची बंदूक घेता येत नाही. लांब दस्ता मुलगा काखेत धरतो, गाल नीट टेकत नाही, मग गालावर आणि दंडावर फटका बसतो, आणि पोरगं दुसऱ्या आठवड्यात 'मला नाही जायचं' म्हणतं. मुलं याच कारणाने सोडतात, खर्चामुळे नाही.

त्याआधी फायरआर्म सेफ्टीचं प्रमाणपत्र लागेल. डीएनआरचा, म्हणजे राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचा कोर्स आहे, वय ११ पासून करता येतो. पुस्तकी भाग ऑनलाइन, मग एक दिवस मैदानावर. आत्ताच नाव घाला, मार्चमध्ये जागा भरतात.

साधासुधा | १९ फेब्रुवारी

राग मानू नका, पण या देशात दर काही दिवसांनी काय बातम्या येतात ते आपण सगळे वाचतो. त्यात आपण आपल्या हाताने १४ वर्षांच्या मुलाला बंदूक द्यायची? टेबल टेनिस काय वाईट आहे?

हिमालयातला_बोका | २० फेब्रुवारी

राग कसला. मीही पहिल्या वर्षी रेंजवर गाडीतून उतरलो नव्हतो.

एवढंच सांगतो, मी जे पाहिलं ते. रेंजवर बंदूक कायम उघडी, म्हणजे चेंबर दिसेल अशी. आपली पाळी येईपर्यंत काडतूस आत घालायचं नाही. एका वेळी एकच. नळी खाली किंवा पुढे, दुसरी दिशा नाही. एकदा एका मुलाने बंद बंदूक घेऊन मागे वळून मित्राला काहीतरी विचारलं. भरलेली नव्हती. तरी कोचने त्याला त्या दिवशी घरी पाठवलं, आणि त्याचे वडील कोचला धन्यवाद देऊन गेले. लीगमध्ये आजवर गोळी लागून एकही दुखापत नाही असं लीग सांगते, आणि ती शिस्त पाहिल्यावर मला ते खरं वाटतं. बाकी देशाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

टॉर्क | २० फेब्रुवारी

इलिनॉयमधून. खांद्याच्या प्रश्नावर जरा निवृत्त इंजिनिअरची पकाऊ पोस्ट, नको असेल तर पुढे जा.

दुकानात गेलात की विक्रेता म्हणेल, 'मुलासाठी वीस गेज घ्या, हलकी आहे, धक्का कमी.' अर्धं खरं. वीस गेजच्या, म्हणजे बारा बोअरहून बारीक नळीच्या, काडतुसात छर्रे कमी, पण बंदूकही हलकी, आणि धक्का ठरतो दोन्हींवर. गणित करू. बारा बोअरचं एक औंसाचं हलकं काडतूस : २८ ग्रॅम छर्रे, वेग सेकंदाला साधारण ३६० मीटर. बंदूक ३.६ किलोची. काडतुसातल्या दारूचा वायू हिशोबात धरला नाही तर बंदूक मागे येते सेकंदाला २.८ मीटरने. आता वीस गेज : पाऊण औंसाहून थोडे जास्त, २५ ग्रॅम छर्रे, वेग तेवढाच, पण बंदूक २.७ किलोची. ती मागे येते ३.३ ने. म्हणजे 'मुलांची' बंदूक खांद्यावर जास्त जोरात येते! अर्थात साडेतीन किलो चाळीस मिनिटं पेलता यायला हवेत, हाही प्रश्न आहेच. म्हणून हलकी-जड यापेक्षा कोचला विचारा : टीमकडे गॅसवर चालणारी सेमी-ऑटो आहे का? तिच्यात वायूचा काही भाग यंत्रणा फिरवायला जातो, धक्का लांबतो, ढकलल्यासारखा लागतो. रेमिंग्टन ११०० जुनी असली तरी याच कामाची. फक्त ती रिकामं काडतूस उजव्या शेजाऱ्याच्या अंगावर फेकते, त्यासाठी पकडणारी क्लिप लावा, नाहीतर मैत्री तुटते.

आणि काडतूस एक औंस किंवा त्याहून हलकं, 'लाइट टार्गेट' लिहिलेलं. शिकारीची जड काडतुसं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, रेंजवर ती चालतही नाहीत. छर्रे साडेसात किंवा आठ नंबर.

बाय द वे, इलिनॉयमधल्या वाचकांनी हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये, आमच्याकडे फॉइड कार्डाचं, म्हणजे बंदूक बाळगायच्या राज्याच्या ओळखपत्राचं, वेगळं प्रकरण आहे.

जुगाडू | २० फेब्रुवारी

काडतुसं घरी भरा. रिकामी गोळा करायची, दारू-छर्रे आणायचे, यंत्र जुनं शंभरात मिळतं. निम्मा खर्च.

टॉर्क | २० फेब्रुवारी

दहा वर्षांपूर्वी हो. आता छर्रे आणि दारूचे भाव बघता बारा बोअरमध्ये काही वाचत नाही. अठ्ठावीस गेज किंवा चारशेदहा, म्हणजे अजून बारीक नळी असेल तर ठीक. आणि ज्या घरात बंदूक ठेवायलाच आई कचरते त्या घरात तुम्ही दारूचा डबा ठेवायला सांगताय, धन्य.

जुगाडू | २० फेब्रुवारी

बरं बाबा. हलके घ्या.

नेमका | २१ फेब्रुवारी

पुण्याहून. तुमच्या धाग्याने अंमळ हेवा वाटला म्हणून अवांतर.

आपल्याकडे हा खेळ परवडत नाही, कारण आधी तो राजेरजवाड्यांचा होता. बिकानेरचे महाराजा करणी सिंग यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य आणलं, पतियाळाच्या राजघराण्यातले रणधीर सिंग १९७८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मग फौज आली. राज्यवर्धनसिंग राठोड, अथेन्स २००४, डबल ट्रॅपचं (एका वेळी दोन तबकड्या) रौप्य. रेंजही तिकडेच, दिल्लीचं तुघलकाबाद, जयपूर, पतियाळा. अपवाद म्हणजे भोपाळ. मध्य प्रदेश सरकारच्या अकादमीतून मनीषा कीर आली, मासेमाऱ्याची मुलगी, २०१८ च्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य. सरकारने बंदूक आणि काडतुसं दिली की काय होतं ते दिसलं.

महाराष्ट्राकडे बघा. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, रुद्रांक्ष पाटील, पॅरिसमध्ये कांस्य आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. सगळे रायफल किंवा पिस्तूलवाले. शॉटगनमधलं एक घरोघरी माहीत असलेलं नाव सांगा बरं. इथली वाट एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलमधून किंवा दहा मीटरच्या एअर रायफलमधून जाते. त्यातही .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही, छर्‍यांचा डबा काही शे रुपयांत येतो, आणि गच्चीवरच्या खोलीत दहा मीटर मोजून सराव होतो. बारा बोअरचा परवाना हवा तर वय २१. बारा वर्षांपुढच्या मुलांना देखरेखीखाली सरावाची मुभा आहे, पण ती कागदावरून मैदानावर आणेपर्यंत बापाच्या चपला झिजतात. माझ्या झिजल्या. मुलगी आता एअर पिस्तूल खेळते, खूष आहे.

तुमच्याकडे शाळा कागद घेऊन घरी येते, आणि तुम्ही विचार करताय!

शमी | २१ फेब्रुवारी

नेमका, चपलांचं वाचून हसले आणि वाईटही वाटलं.

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. टॉर्क काका, तुमचं गणित नवऱ्याला दाखवलं. त्याने मुकाट्याने दुकानाची खिडकी बंद केली (ब्राउझरमधली). कोर्सला नाव घातलंय. कोचशी बोलले. टीमकडे सेमी-ऑटो आहे आणि ती कोचच्याच तिजोरीत राहते, सरावाला तोच आणतो. म्हणजे माझा झोपेचा प्रश्न आणि पैशांचा प्रश्न एकाच उत्तराने सुटला.

अप्पांना फोनवर सांगितलं तर ते तिकडून, 'माका पण एक बार काढूक गावतलो काय?'

वाचनमात्र_होतो | २२ फेब्रुवारी

बरीच वर्षं फक्त वाचतोय, आज लॉगिन करावं लागलं. शमी, अप्पांना बंदुकीला हात लावू देऊ नका.

इथला केंद्रीय कायदा असा आहे की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं गुन्हा आहे. विकत घेणं नाही फक्त, हातात घेणंसुद्धा. यात पर्यटक व्हिसावरचे आईवडील आले, नोकरीच्या व्हिसावरचे एच-वन आले, आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-फोरवरची मुलंही आली. हे बऱ्याच कोचना ठाऊक नसतं, कारण त्यांच्या टीममध्ये आजवर अशी मुलंच नव्हती. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न नाही, तुम्ही आणि मुलगा मोकळे.

अपवाद आहेत. एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. शिकारीला जायची सक्ती नाही, परवाना हवा. माझी मुलगी एच-फोरवर असताना आम्ही हेच केलं, वकिलाला विचारून. चातुर्मासात आमच्या घरी कांदा-लसूण बंद, आणि पोरीच्या पाकिटात शिकारीचा परवाना! माझी आई अजून लोकांना सांगते.

पण मुदत संपली की अपवादही संपला. ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी 'सगळेच जातात' म्हणून जाऊ नये, वकिलाच्या अर्ध्या तासाचे पैसे खर्चात धरावेत.

गोदाकाठ | २२ फेब्रुवारी

बाप रे. आम्ही एच-वन, मुलगा मागच्या शनिवारी मित्राच्या वडिलांबरोबर रेंजवर जाऊन आला. फोन लावते वकिलाला.

हिमालयातला_बोका | २२ फेब्रुवारी

धाग्याचं सार्थक झालं. मला हे माहीत नव्हतं.

अप्पांसाठी तोडगा आहे तसा. १९७९ नंतर जन्मलेल्यांनाच इथे शिकार परवान्यासाठी सेफ्टी कोर्स लागतो, अप्पा त्यातून सुटले. पण बाहेरच्यांसाठीचा परवाना महाग.

शमी | २३ फेब्रुवारी

अप्पांना सांगितलं. 'एका बाराक एवढे डॉलर? त्यापरीस मी बसान बघतलंय.' विषय संपला.

मेनकाप्पा | २ मार्च

उशिरा आले. आमच्या मुलाच्या दोन सीझनमधले फुकटचे सल्ले :

खास जाकीट घेऊ नका. मेनार्ड्समध्ये (हार्डवेअरच्या दुकानात) सुतारांची कमरेला बांधायची दोन कप्प्यांची पिशवी मिळते. एकात भरलेली, एकात रिकामी. कानात फोमचे बोळे आणि वर मफ, दोन्ही. बारा बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि मुलांना 'कूल' दिसत नाही म्हणून ती मफ सरकवतात, लक्ष ठेवा. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चिप्सच्या पाकिटात घालू द्यायचे नाहीत, शिसं असतं. कपडे वेगळे धुवा.

आणि शाळेचं दप्तर! रेंजवर कधीही न्यायचं नाही. एका मुलाच्या दप्तराच्या तळाशी एक काडतूस राहिलं, सोमवारी शाळेत सापडलं, आईवडिलांना दोन बैठका आणि मुलाला निलंबन. बंदूक गाडीच्या डिकीत ठेवून शाळेच्या आवारात तर मुळीच जायचं नाही.

डावखुरा_नाही | ३ मार्च

डोळा तपासला का? दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून लांबचं काहीतरी बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने ते दिसत राहील तो मुख्य. मी उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा निघालो, तेही तीन महिने सगळ्या तबकड्या एकाच बाजूने चुकवल्यावर. रायफलमध्ये एक डोळा मिटून चालतं, इथे दोन्ही उघडे लागतात, म्हणून हे आधी बघायला हवं.

शमी | ३ मार्च

आत्ता स्वयंपाकघरातच बघितलं. उजव्या हाताचा, डाव्या डोळ्याचा. नवराही तसाच. आता कळलं कॅरममध्ये दोघं का हरतात.

डावखुरा_नाही | ३ मार्च

:) दोन उपाय. नवीनच शिकतोय तर डाव्या खांद्यावरून शिकू दे, कायमचं सुटेल. ते फारच अवघड वाटलं तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळासमोर, चिकटपट्टीचा छोटा ठिपका. कोच ठरवेल.

शमी | १४ एप्रिल

पहिला सराव झाला. बाहेर चार डिग्री, बोचरा वारा, कडेला अजून बर्फ. अप्पा आदल्याच दिवशी उतरलेत, तरी माकडटोपी घालून आले आणि बाकावर बसले.

कोचने आधी पाऊण तास बंदूक हातात दिलीच नाही. उभं कसं राहायचं, वजन पुढच्या पायावर, गाल दस्त्याला आधी टेकवायचा आणि मग खांदा, तबकडीकडे बघायचं, नळीकडे नाही. डाव्या खांद्यावरून करून बघितलं, इतका अडखळला की शेवटी ठिपकाच लावला. पहिल्या फेरीत २५ पैकी ४. धक्क्याचं विचारलं तर म्हणाला, 'कळलंच नाही, मला फक्त ऐकू आलं.' खांद्यावर रात्री बघितलं, साधा लाल डागही नाही. टॉर्क काका, तुम्हाला एक डबा चिवडा लागू.

मी गाडीतून उतरले होते. पहिल्या आवाजाला दचकले, दहाव्याला नाही. त्याचं मात्र मला नंतर घरी जरा वाईट वाटलं.

साधासुधा | १४ एप्रिल

शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. माझं मत बदललेलं नाही, पण वाचतोय.

नेमका | १५ एप्रिल

४ ला हसू नका, पहिल्याच दिवशी चार म्हणजे डोळ्याचा ठिपका बरोबर जागी आहे. चुकतात त्या तबकडीच्या मागे जात असणार. चाप ओढताना पोरं बंदूक थांबवतात. हात फिरता ठेवायला सांगा.

शमी | १२ मे

चौथा स्पर्धेचा आठवडा. ४, ७, ७, ६ (पाऊस), ११, आणि काल १६ नि १३. नवशिक्यांच्या गटात आहे. हिशोब आजपर्यंत ३१०, त्यात कान-डोळे आणि सुताराची पिशवी आली. जूनमध्ये अलेक्झांड्रियाला राज्य स्पर्धा, हजारो पोरं येतात म्हणे, तिथल्या मुक्कामाचा खर्च वेगळा. तो मी या धाग्यात मोजणार नाही, कारण नवऱ्याला तिथल्या तळ्यावर मासे धरायचेत.

अप्पांची गंमत सांगते. दर बुधवारी बाकावर बसून ते स्वतःचा हिशोब ठेवतात, डायरीत, कोचच्या पाटीवर विश्वास नाही. परवा जेवताना चिरंजीवांना म्हणाले, 'पाचव्या जाग्यावरना उजव्या अंगाक गेलेला तू एकय फोडूक नाय. पयल्या जाग्यावरचा डाव्या अंगाचा फोडतस. असा कित्या?' मुलाने हे कोचला इंग्रजीत सांगितलं. कोच अप्पांकडे बघत राहिला, मग मुलाचे पाय तपासले. पाचव्या जागेवर तो पाय पहिल्या जागेसारखेच डावीकडे रोखून उभा राहत होता, कंबर उजवीकडे पुरी वळतच नव्हती. पाय बदलले, आणि ते १६ त्यानंतरचे आहेत. आता कोच बुधवारी आधी अप्पांना कॉफी आणून देतो, मग टीमकडे जातो.

हिमालयातला_बोका | १२ मे

अप्पांना टीमचा टी-शर्ट द्या.

मेनकाप्पा | १३ मे

आणि खंडेनवमीला पूजेत काय मांडणार यंदा? बंदूक तर कोचच्या तिजोरीत.

शमी | १३ मे

कानाचे मफ आणि अप्पांची डायरी. ठरलंय.

पुढच्या वर्षी बंदूक घ्यायची का, ते सप्टेंबरात उंची मोजून ठरवू. घेतलीच तर तिजोरी आधी, हे नवऱ्याने लिहून दिलंय.

वाचनमात्र_होतो | १३ मे

परत लॉगिन केलं. अप्पा परत जाताना आठवण म्हणून रिकामी काडतुसं वगैरे नेणार नाहीत ना? बॅगेत एखादं काडतूस निघालं म्हणून आपल्याकडच्या विमानतळांवर लोकांना पोलिसांच्या ताब्यात दिल्याच्या बातम्या नेहमी येतात. रिकामं आहे हे समजावत तिथे उभं राहायचं नसेल तर एकही नको.

शमी | १३ मे

तुमची पोस्ट वाचून वर जाऊन विचारलं. शेव-चिवड्याच्या रिकाम्या बरणीत सात निघाली, १६ वाल्या फेरीतली. आणि हातरुमालात गुंडाळलेली एक न फुटलेली तबकडी.

काडतुसं परत रेंजच्या पिंपात गेली. तबकडी नेऊ देत ना?

वाचनमात्र_होतो | १३ मे

तबकडी खुशाल. कपड्यांच्या मधोमध ठेवा, फार ठिसूळ असते.